पहिली क्रूझ किती रात्रींची घ्यावी? सातारा-सांगलीच्या नवप्रवाशांसाठी मार्गदर्शन

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील माणसाचा पाण्यावरच्या प्रवासाशी आलेला संबंध बहुधा बामणोली-तापोळ्याच्या शिवसागर जलाशयातील लाँचपुरता किंवा हरिपूरच्या संगमावरील नावेपुरता असतो. त्यामुळे क्रूझचा विचार सुरू झाला की घरात आधी भाड्याची चर्चा होते, मग केबिनची, मग जेवणाची, आणि किती रात्रींची सफर घ्यायची हा प्रश्न सर्वांत शेवटी, कार्यालयात किती रजा शिल्लक आहे यावरून परस्पर सुटतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण पहिल्या सफरीचे बरेवाईट इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा रात्रींच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. शिवाय आपल्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. मुंबईकराला दोन रात्रींची सफर ही शनिवार-रविवारची मौज वाटू शकते, पण मिरजेहून किंवा कराडहून निघणाऱ्या कुटुंबाला घरापासून धक्क्यापर्यंतचा प्रवासही त्याच हिशेबात धरावा लागतो. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : जाहिरातीतील रात्रींचे पूर्ण दिवस करून पाहावेत

‘दोन रात्री, तीन दिवस’ असे वाचले की तीन दिवस जहाजावर राहायला मिळेल असा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दुपारच्या सुमारास दिलेल्या वेळेला धक्क्यावर हजर राहावे लागते. तेथे ओळखपत्रांची तपासणी, सामानाची तपासणी आणि केबिनच्या किल्लीचे कार्ड मिळणे यांत बराच वेळ जातो, आणि जहाज बहुतेक वेळा संध्याकाळी सुटते. सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना आणीबाणीच्या वेळी कोठे जमायचे याची कवायत करावी लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले, त्यानंतर हा आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाला, त्यामुळे कवायत टाळण्याचा विचारही करू नये. शेवटच्या दिवशी जहाज सकाळीच बंदराला लागते आणि न्याहारीच्या सुमारास केबिन रिकामी करून द्यावी लागते. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस असे कापले गेल्यावर हिशेब सोपा उरतो : रात्रींच्या संख्येतून एक वजा केला की पूर्ण दिवस मिळतात. दोन रात्रींत एक दिवस, तीन रात्रींत दोन, चार रात्रींत तीन आणि सात रात्रींत सहा.

नवख्या माणसाचा त्यांतील एक दिवस तर वाटा सापडण्यातच जातो. आपली केबिन जहाजाच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, कोणत्या जिन्याने वर गेले की जेवणघर लागते, कोणते खाणे भाड्यात धरलेले आहे आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, हे सारे अंगवळणी पडेपर्यंत एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त उलटलेला असतो. माझी पहिली सफर दोन रात्रींची होती. दुसऱ्या रात्री मला जेवणघराचा रस्ता कोणालाही न विचारता सापडला, आणि त्याच आनंदात केबिनकडे परतलो तर सकाळी उतरण्यासाठी बॅगांना बांधायच्या पट्ट्या आधीच येऊन पडल्या होत्या.

दुसरी पायरी : घर ते धक्का हे अंतर मोजावे

मुंबईतील क्रूझ जहाजे बॅलार्ड पिअर येथील टर्मिनलवरून सुटतात. हे ठिकाण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकापासून सुमारे दीड किलोमीटरवर आहे, आणि ही बाब आपल्या भागातील प्रवाशांच्या फार सोयीची आहे. कोल्हापूरहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा असे थांबे घेत सकाळी याच स्थानकात पोहोचते. जहाजावर चढण्याची वेळ दुपारची असल्याने गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी घाम फुटत नाही. सातारा शहरात राहणाऱ्यांनी मात्र स्थानक माहुलीकडे, गावापासून बरेच लांब असल्याचे आणि गाडी अपरात्री येत असल्याचे लक्षात घेऊन रिक्षाची सोय आधी करून ठेवावी. परतताना जहाज सकाळी लागते आणि महालक्ष्मी रात्री सुटते, म्हणजे मधला सबंध दिवस बॅगांसह मुंबईत काढावा लागतो.

मोटारीने जायचे ठरवल्यास साताऱ्याहून पाच-सहा तास आणि सांगलीहून सात-आठ तास धरावेत, त्यात खंबाटकी घाट, पुणे शहराची कड आणि द्रुतगती मार्गावरील बोरघाट यांपैकी कोठेही वाहतूक अडू शकते हे गृहीत धरावे. सांगलीहून त्याच दिवशी पहाटे निघून दुपारी जहाज गाठण्याचा बेत मी कोणालाही सुचवणार नाही. एस.टी. चुकली तर पुढची मिळते, पण जहाजाचे प्रवेशद्वार सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते, आणि मागे राहिलेल्या प्रवाशासाठी ते पुन्हा उघडत नाही.

आता या दोन पायऱ्या एकत्र मांडून पाहू. रेल्वेने जाणाऱ्या सांगलीच्या कुटुंबाच्या दोन रात्री गाडीत जातात. जहाजावरच्या रात्रीही दोनच असतील, तर चार रात्रींच्या प्रवासात पूर्ण दिवस पदरात पडतो एकच. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की समुद्रावरच्या रात्री वाटेतल्या रात्रींच्या किमान दुप्पट असाव्यात. त्या मापाने सांगली, मिरज, तासगाव किंवा जत येथून निघणाऱ्यांना पहिली सफर चार रात्रींची योग्य ठरते. सातारा, वाई किंवा फलटण येथील लोक आदल्या दिवशी मोटारीने मुंबईत येऊन मुक्काम करू शकतात आणि उतरल्यावर त्याच दिवशी घरी पोहोचू शकतात. त्यांची वाटेतली रात्र एकच असल्याने दोनही चालतील असे गणित सांगते, पण पहिल्या पायरीत पाहिल्याप्रमाणे दोन रात्रींत जहाज कळतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी तीन रात्री बऱ्या.

तिसरी पायरी : जहाज कोठे जाते आणि किती वेळ थांबते ते पाहावे

मुंबईहून देशांतर्गत सफरी करणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसची सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडील बहुतेक नवप्रवाशांची ओळख याच सेवेतून होते. कोणत्या हंगामात किती रात्रींचे फेरे आहेत हे दरवर्षी बदलते. त्यामुळे येथे वेळापत्रक देण्यापेक्षा फेऱ्यांचे प्रकार समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिला प्रकार कोणत्याही बंदराला न लागता खोल समुद्रात फिरून परत येणाऱ्या सफरीचा. तो बहुधा सर्वांत लहान आणि स्वस्त असतो. ज्यांना जहाजावरील कार्यक्रम, पोहण्याचा तलाव आणि खाणे एवढेच हवे आहे त्यांचे समाधान त्यातून होते, पण ‘काय पाहून आलात?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे जड जाते.

दुसरा प्रकार गोव्याचा. मुंबई ते मुरगाव हे अंतर समुद्रमार्गे चारशे किलोमीटरांहून थोडेच अधिक आहे. प्रवासी जहाज साधारण १८ नॉट वेगाने चालले, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर हे लक्षात घेतले, तर तो वेग ताशी सुमारे ३३ किलोमीटर होतो, म्हणजेच एका रात्रीत गोवा गाठता येतो. येथे सांगलीकरांनी एक साधा विचार करावा : गोवा आपल्याला मोटारीने पाच-सहा तासांच्या अंतरावर आहे, आणि जहाज तेथे काही तासच थांबते. त्यामुळे गोवा पाहण्यासाठी ही सफर घेण्यात अर्थ नाही. ती जहाजासाठी घ्यावी आणि गोव्याच्या दिवशी, इतर प्रवासी खाली उतरलेले असताना, रिकाम्या जहाजाचा उपभोग घ्यावा. असे केल्यास तीन रात्रींची गोवा-सफर पहिल्या अनुभवासाठी चांगली ठरते.

तिसरा प्रकार लक्षद्वीपचा, आणि लांबी का वाढवावी याचे उत्तर येथेच सर्वांत स्पष्ट मिळते. मुंबई ते अगत्ती हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. वरच्याच वेगाने ते कापायला सत्तावीस तासांच्या आसपास लागतात, म्हणून जाताना एक आणि येताना एक असे दिवस जवळजवळ पूर्णपणे समुद्रावर जातात आणि सफर चार रात्रींपेक्षा लहान होऊच शकत नाही. नवखे लोक या समुद्रावरच्या दिवसांना ‘वाया गेलेले दिवस’ म्हणतात. माझे मत नेमके उलटे आहे. चारही बाजूंना जमीन दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही, कोठे उतरायची घाई नाही, असा दिवस आपल्या आयुष्यात दुसरीकडे मिळत नाही, आणि क्रूझ आपल्याला मानवते की नाही हे त्या दिवशीच कळते. लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेले जाते. हलत्या होडीत पाय टाकणे गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आईवडिलांना जमेल का, याचा विचार आधी करावा. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणे रद्दही होते. बेटांवर जाण्यासाठी प्रवेश परवाना आवश्यक असतो, तो कोण काढणार हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे.

लक्षद्वीपसाठी आणखी एक वाट आहे. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ ही सफर कोचीहून निघते आणि पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे दाखवते. दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर अशी तिची रचना असते. तेथे करमणुकीचा झगमगाट कमी असतो, पण बेटे पाहणे हाच ज्यांचा हेतू आहे त्यांना ती अधिक रुचेल. फक्त कोचीपर्यंतचा प्रवास हिशेबात धरावा.

चौथी पायरी : बोट कोणाला लागते ते आधीच ठरवावे

घरातील कोणाला पसरणीच्या घाटात किंवा कुंभार्लीच्या घाटात गाडी लागते हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला समुद्रात बोट लागण्याची शक्यता अधिक, एवढे धरून चालावे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात आणि ती डोलणे बरेच कमी करतात, पण ते पूर्णपणे नाहीसे करत नाहीत. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल कमी जाणवते, म्हणून अशा प्रवाशासाठी वरच्या मजल्यावरची महाग केबिन घेण्यापेक्षा मधली खालची घ्यावी.

सफरीच्या लांबीशी याचा थेट संबंध आहे. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत समुद्राच्या हालचालीला सरावते. दोन रात्रींच्या सफरीत बोट लागलेला माणूस नेमका सरावण्याच्या वेळी खाली उतरतो आणि ‘समुद्र आपल्यासाठी नाही’ असा कायमचा ग्रह घेऊन घरी येतो. चार रात्रींत त्याच माणसाला निदान उत्तरार्ध तरी सुखाचा मिळतो. ज्यांना हा त्रास फारच होतो त्यांच्यासाठी मात्र सात रात्रींचा धोका पत्करू नये. त्यांनी तीन रात्रींची सफर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, अरबी समुद्र शांत असताना घ्यावी. गोळ्या त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायच्या असतात आणि त्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

आणखी एक लहानशी गोष्ट कोणी सांगत नाही. उतरल्यानंतर काही तास, कधी दिवसभर, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. तसे वाटत असताना त्याच दिवशी स्वतः गाडी चालवत घाट उतरू नये.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या समुद्रात लोटतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरील पहिली सफर ठरवताना आपणही त्यांच्याच शहाणपणाने वागावे.

पाचवी पायरी : खर्च दर रात्रीचा काढावा, पण त्यालाच भुलू नये

क्रूझचे भाडे माणशी आणि एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून सांगितलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा जवळजवळ दोघांचे भरावे लागते. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गासाठीची बक्षिसी असे खर्च येतात. बक्षिसी अनेक ठिकाणी माणशी दर रात्रीमागे आकारली जाते, म्हणजे रात्री वाढल्या की तीही वाढते. वाय-फाय, शीतपेये, मद्य, खास उपाहारगृहे आणि बंदरावरील सहली यांचेही तसेच. या उलट घरापासून धक्क्यापर्यंतचा खर्च दोन रात्रींसाठी जेवढा, तेवढाच पाच रात्रींसाठीही असतो.

केवळ हिशेब समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा चौघांच्या कुटुंबाला मुंबईला जाण्यायेण्यासाठी आणि तेथील दिवसासाठी १२,००० रुपये लागतात आणि जहाजाचा सर्व खर्च माणशी दर रात्री ६,००० रुपये पडतो. दोन रात्रींसाठी एकूण ६०,००० रुपये होतील, म्हणजे दर रात्री ३०,०००. चार रात्रींसाठी १,०८,००० रुपये, म्हणजे दर रात्री २७,०००. दर रात्रीचा खर्च कमी झाला, परंतु खिशातून गेलेली रक्कम ४८,००० रुपयांनी वाढली. ‘रात्रीमागे स्वस्त पडते’ असे सांगून मोठी सफर गळ्यात मारणाऱ्यांपुढे हे गणित ठेवावे. पैसा मर्यादित असेल तर रात्री कमी करण्याऐवजी केबिन साधी घ्यावी, असा माझा सल्ला राहील. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये आपण केवळ झोपतो, आणि समुद्र वरच्या डेकवर सर्वांना सारखाच दिसतो.

सहावी पायरी : परदेशातील सफरीसाठी माप बदलावे

काही कुटुंबे पहिलीच क्रूझ परदेशातून घेतात. तेथे घर ते धक्का या अंतरात विमान आणि व्हिसा येतो, आणि वरचाच ठोकताळा लावला तर सफरीची लांबी आपोआप वाढते.

सिंगापूर हे त्यातल्या त्यात सोपे ठिकाण आहे. तेथून तीन-चार रात्रींच्या सफरी मलेशियातील पेनांग किंवा पोर्ट क्लांग आणि थायलंडमधील फुकेत येथे जाऊन परत येतात. एवढ्यासाठीच विमानाने जाणे मात्र महाग पडते, म्हणून चार रात्री जहाजावर आणि दोन-तीन रात्री शहरात अशी आठवड्याची आखणी करावी. जहाज परत सिंगापूरलाच येत असल्याने व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करून घ्यावी.

युरोपातील भूमध्य समुद्राची प्रचलित सफर सात रात्रींची असते, आणि तेथे त्यापेक्षा लहान सफर घेण्यात मला अर्थ दिसत नाही. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, शुल्क प्रौढांसाठी ९० युरो झाले आहे. ते, मुंबईतील व्हिसा केंद्राच्या खेपा आणि विमानाचे भाडे, हा सारा खर्च तीन रात्री आणि सात रात्री यांना सारखाच आहे. जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला लागणार असेल तर शेंगेन व्हिसाही अनेक प्रवेशांचा लागतो, हे विसरल्याने परतीची वाट बंद होऊ शकते. पण सात रात्री म्हणजे सात दिवसांची विश्रांती असेही समजू नये. या सफरींत जवळजवळ रोज नवे बंदर असते, आणि ज्याला ‘रोमचे बंदर’ म्हणतात ते चिविताव्हेकिया प्रत्यक्ष रोमपासून सुमारे ७०-८० किलोमीटरवर आहे. पहाटे उठून, दिवसभर चालून, संध्याकाळी जहाज सुटण्यापूर्वी परतायचे, असे सलग चार दिवस केल्यावर साठी उलटलेली माणसे पाचव्या दिवशी केबिनमधून हलत नाहीत. ज्येष्ठ सोबत असतील तर निदान एक पूर्ण दिवस समुद्रावर असलेला मार्ग निवडावा, आणि विमान आदल्या दिवशीच पोहोचेल असे पाहावे.

‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या, २०२४ मध्ये सेवेत आलेल्या आणि साडेपाच हजारांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजावर आठवडाही अपुरा पडतो, असे उत्साही लोक म्हणतात. पहिल्या सफरीला सात रात्रींच्या पुढे मात्र जाऊ नये. आठवा दिवस हा जेवणाचाही प्रश्न आहे, कारण शाकाहारी पदार्थ मिळत असले तरी पाचव्या दिवसापासून घरातल्या कोणाला तरी भाकरी-पिठल्याची आठवण येऊ लागते, आणि घरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ दिले जात नाही. चिवड्याची बंद पाकिटे चालतात का, ते ज्या त्या कंपनीला विचारावे.

परदेशी सहलीचे पैसे भरताना त्यावर टी.सी.एस., म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा प्राप्तिकर, आकारला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण भरताना रोकड हाताशी हवी. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. नसेल तर पुणे विभागीय पारपत्र कार्यालयाकडे नूतनीकरणाचा अर्ज आधी करावा आणि सफर नंतर ठरवावी.

सातवी पायरी : घरचे आणि शेतातले कॅलेंडर समोर ठेवावे

नोकरदारांचा हिशेब सोपा असतो. चार रात्रींच्या सफरीला रेल्वे धरून सांगलीहून साधारण सात दिवस लागतात आणि एक शनिवार-रविवार जोडला की चार-पाच दिवसांच्या रजेत काम होते. द्राक्ष बागायतदारांचे मात्र तसे नसते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत बाग सोडून जाता येत नाही, आणि समुद्र सर्वांत शांत असतो तो नेमका याच काळात. माल गेल्यानंतर आणि खरड छाटणी उरकल्यानंतर जो अवकाश मिळतो तो एप्रिल-मेचा, जेव्हा शाळांच्या सुट्ट्यांमुळे भाडे चढलेले असते आणि हवा दमट असते. अशा कुटुंबांनी तीन रात्रींवर समाधान मानावे, किंवा सिंगापूरच्या बाजूचा विचार करावा, कारण तिकडच्या सफरी वर्षभर चालतात. उसाच्या पट्ट्यातील लोकांनी तोडणीची पाळी केव्हा येते यावर तारीख बांधू नये. ती तारीख कोणाच्या हातात नसते, आणि क्रूझचे तिकीट रद्द केल्यावर परत मिळणारी रक्कम सुटण्याचा दिवस जवळ येईल तशी घटत जाते.

तारीख नक्की झाली की आरक्षणाचा क्रमही पाळावा. जहाजाचे तिकीट काही महिने आधी निघते, परंतु १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच खुले होते. म्हणून जहाजाचे तिकीट हाती येताच महालक्ष्मीच्या आरक्षणाचा दिवस घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, त्या सकाळी जाण्याचे तिकीट काढावे, आणि परतीचे तिकीट त्यानंतर जितक्या रात्री निवडल्या असतील त्याहून एक दिवस अधिक मोजून, पुन्हा त्याच वेळी उठून काढावे.